मदत हवी आहे : पिझो फिल्म बोटाने टिचकी मारली की सिग्नल देते, पॅडवर बॉल लागला की गप्प

अंधेरी_स्लो
कोणी पीव्हीडीएफवर (पिझो प्लास्टिक, दाब बदलला की वीज देतं) काम केलंय का? फायनल इयर प्रोजेक्ट आहे. क्रिकेटच्या पॅडवर लवचिक फिल्म चिकटवून बॉल किती जोरात लागला ते दाखवायचंय. बेरियम टायटॅनेटची (पिझो सिरॅमिक) पावडर मिसळून फिल्म लॅबमध्येच ओतली. टिचकीला ऑसिलोस्कोपवर मस्त स्पाइक, पॅडमध्ये घातली की काही नाही. वायरिंग तपासलंय, ते सांगू नका. गुरुवारी डेमो आहे.

सोल्डरचा_वास
जाडी? इलेक्ट्रोड कशाचे? पोलिंग (मोठं फील्ड देऊन स्फटिक एका दिशेला वळवणं) किती व्होल्टला केलं? आणि ‘काही नाही’ म्हणजे सपाट रेष की ५० हर्ट्‌झची गुणगुण?

गिरगावचे_काका
कशाला हा उपद्व्याप! लॅमिंग्टन रोडला बझरच्या पितळी चकत्या मिळतात, चार घ्या आणि पॅडमध्ये शिवून टाका.

सोल्डरचा_वास
काका, पितळेवर सिरॅमिक असतं ते. बॉल बसला की तडकणार.

गिरगावचे_काका
आमच्या दारावर लावलीय, अजून शाबूत आहे.

सोल्डरचा_वास
दारावर कोणी बोलिंग टाकत नाही.

अंधेरी_स्लो
५० मायक्रॉन, सिल्व्हर पेस्ट. एफटीआयआरला (इन्फ्रारेड चाचणी) ८४० वर पीक आहे, म्हणजे बीटा फेज (पिझो गुण देणारी स्फटिकरचना) आहे. मग पोलिंग कशाला लागेल?

बीटा_गॅमा
८४० गॅमा फेजलाही येतो, १२७५ बघा. आणि बीटा असली तरी स्फटिकांची तोंडं दाही दिशांना असतात, बेरीज शून्य. फिल्म गरम करून चार-पाचपट ताणायची, मग मोठं फील्ड द्यायचं. मायक्रॉनमागे ५० व्होल्ट धरले तरी तुझ्या फिल्मला अडीच हजार व्होल्ट होतात. एकट्याने करू नकोस.

अंधेरी_स्लो
मग टिचकीला स्पाइक कसा येतो?

बीटा_गॅमा
बोटावरची स्थितिक वीज. फिल्मला इन्सुलेट करून वरून फॉइल गुंडाळ, फॉइल ग्राउंड कर आणि मग ठोक.

दादर_पूर्व
विषय निघालाच आहे तर, अशा फिल्म दादरच्या पुलावर अंथरल्या तर गर्दीवर अख्खं स्टेशन उजळेल. रेल्वेला कोणी सुचवत का नाही?

सोल्डरचा_वास
पावलामागे मिळणारी ऊर्जा इतकी थोडी असते की इंडिकेटरही चालणार नाही. वेगळा धागा काढा.

प्रिन्सेस_स्ट्रीट
फिल्म काचेसारखी आहे की दुधाळ? डीएमएफ सॉल्व्हंटमधून ओतली असणार. मुंबईच्या पावसाळ्यात ते हवेतली वाफ ओढतं आणि फिल्म सच्छिद्र होते. पेस्ट छिद्रातून आरपार गेली की शॉर्ट. पोलिंगला बसवली तर ठिणगी. डीएमएफ विषारी आहे, फ्यूम हूडशिवाय ओतलं नसशील अशी आशा.

अंधेरी_स्लो
दुधाळच आहे. फॉइल लावल्यावर स्पाइक गेला. पावडर वाढवू का? २० टक्के आहे.

बीटा_गॅमा
वाढवून फार हाती लागणार नाही. पीव्हीडीएफचा डी-३३ (दाबामागे किती चार्ज मिळतो तो आकडा) ऋण असतो, बेरियम टायटॅनेटचा धन. दोघांना एकाच दिशेने पोल केलं तर एकमेकांना खातात. भारतीय ड्रेसिंग रूम!

तेंडल्या_फॅन
पॅडवर सेन्सर म्हणजे एलबीडब्ल्यूला अंपायरची सुट्टी का?

सोल्डरचा_वास
फॅनला उत्तर: नाही, रेषेचं काय? धागाकर्त्याला: गुरुवारसाठी ओतलेली फिल्म विसर. पोल केलेली, धातू चढवलेली तयार फिल्म माग.

प्रिन्सेस_स्ट्रीट
विकतची लावली तर प्रोजेक्टमध्ये त्याचं काय राहिलं? आर्द्रता सांभाळून ओवनमध्ये नवी ओत. ‘कॉम्पोझिट’ शीर्षकात असेल ना!

सोल्डरचा_वास
आणि पोलिंग गुरुवारच्या आत कोण करणार? डेमो तयार फिल्मवर, स्वतःची फिल्म रिपोर्टमध्ये, का चालली नाही त्याच्यासकट.

अंधेरी_स्लो
तयार फिल्मला मल्टिमीटर लावला तर चालेल का? स्कोप फक्त संध्याकाळी मिळतो.

सोल्डरचा_वास
नाही. मीटर फार हळू वाचतो, आणि पिझो दाबून धरलेला भार दाखवतच नाही, फक्त बदल दाखवतो. तुझ्या दोन सेंटिमीटर चौरस फिल्मची कपॅसिटी एक नॅनोफॅरडच्या आसपास, वन एक्स प्रोबचा एक मेगाओहम तिला मिलिसेकंदात रिकामी करतो. टेन एक्स प्रोब लाव, नाहीतर सीए३१४० ऑप-अँपवर चार्ज अँप (चार्जचं व्होल्टेज करणारं सर्किट) बांध. आणि वायर फिल्मवर थेट सोल्डर करू नकोस, उष्णतेने पोलिंग उतरतं. तांब्याची चिकटपट्टी वापर.

अंधेरी_स्लो
फीडबॅक कपॅसिटर किती ठेवू?