मदत हवी आहे: माझ्या गणितात मादी झाडं निम्म्यावर जातच नाहीत

मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारला वनस्पतींतलं नर-वंध्यत्व घेतलं आणि अडकले.

थाइम म्हणजे तुळशीच्या कुळातलं, ओव्यासारख्या वासाचं झुडूप. दक्षिण फ्रान्सच्या माळांवर त्याची काही झाडं द्विलिंगी असतात, काहींत परागच धरत नाहीत, म्हणजे ती नुसती मादी. कित्येक ठिकाणी मादी निम्म्याहून जास्त.

द्विलिंगी झाडाची जनुकं बियांतूनही पुढे जातात, परागांतूनही. मादीची परागाची वाट बंद, म्हणून टिकायला तिला दुपटीहून जास्त बी धरायला हवं. ती क पट बी देत असेल तर समतोलाला तिचं प्रमाण (क − २) भागिले २(क − १). तिपटीला २५ टक्के. क कितीही वाढवा, ५० च्या आतच! (स्वपरागण नाही असं धरलंय.) तीनदा तपासलं. चूक कुठे?

प्रतिसाद:
आकडेमोड बरोबर आहे ताई, जनुकाचा पत्ता चुकलाय. तुम्ही ते केंद्रकात धरलंत. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांत, ठेवून बघा; त्यांनाही स्वतःची जनुकं असतात. त्या बीमध्ये आईकडूनच येतात, मग पराग बंद पडले तर त्या जनुकाचं काय जातं? मादीने जरासं जास्त बी दिलं तरी ते पसरतं. अनुवंशशास्त्रज्ञ लुईस यांनी १९४१ सालीच हा फरक मांडला होता.

आता मादी वाढल्या की परागाला भाव येतो. केंद्रकातलं जे जनुक पराग परत सुरू करील त्याची चांदी. तो रिस्टोरर. मी संकरित बियाण्याच्या प्लॉटवर काम करतो, तिथे ही रस्सीखेच आम्ही मुद्दाम रोखून धरतो: ए लाइन, म्हणजे मादी वाण, वंध्य; ती वंध्यच राखायला तिला पराग देणारी बी (B) लाइन, संकरित पिकात पराग परत आणायला आर लाइन. ज्वारीत दाणा हवा, म्हणून आर लाइनमध्ये रिस्टोरर लागतोच. कांदा जमिनीखालून काढायचा, तिथे पराग परतले नाहीत तरी शेतकऱ्याचं काही अडत नाही.

धागाकर्ती:
धन्यवाद दादा! पण रिस्टोरर पसरून सगळीच द्विलिंगी होतील की. मादी उरतात कशा?

प्रतिसाद:
गरज नसताना रिस्टोरर बाळगणाऱ्या झाडाचं नुकसान होत असेल, तर तो शंभर टक्क्यांवर पोचत नाही. हे एक. दुसरं मला जास्त पटतं. माळ जळला की मोजक्या बिया नवी वस्ती करतात. वंध्य (म्हणजे पराग बंद पाडणाऱ्या) मायटोकॉन्ड्रिया पोचल्या, जुळणारा रिस्टोरर मागे राहिला, की तिथे मादीच मादी. पुढे शेजारून परागाबरोबर रिस्टोरर येतो, मादी घटतात, तोवर दुसरा माळ जळलेला असतो. म्हणून नुसती टक्केवारी नको, वस्ती किती जुनी आहे तेही बघा.

धागाकर्ती:
म्हणजे समतोलाचं सूत्र सोडून प्रोग्रामच लिहावा लागणार. सगळ्या वंध्य मायटोकॉन्ड्रियांना एकच रिस्टोरर धरला तर चालेल?

प्रतिसाद:
नाही चालणार. मक्यात वंध्य मायटोकॉन्ड्रियांचे टी, सी, एस असे तीन प्रकार आहेत, तिघांचे रिस्टोरर वेगळे. टी ला तर दोन लागतात.