धागा: अ‍ॅस्पिरिनसाठी घरगुती कलरीमीटर – वरच्या टोकाला आलेख वाकतो, दोष रसायनाचा की सर्किटचा?

रिकामी_परीक्षानळी

बी.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी स्वस्तातला कलरीमीटर (रंगीत द्रावण किती उजेड शोषते ते मोजणारे यंत्र) जमवला आहे. अ‍ॅस्पिरिन सोडियम हायड्रॉक्साइडने तोडून सॅलिसिलेट करायचे, फेरिक क्लोराइडने जांभळे करायचे आणि ५३० नॅनोमीटरच्या आसपास मोजायचे, ही नेहमीची पद्धत.

मांडणी: ५२५ नॅनोमीटरचा ५ मिमी हिरवा एलईडी, ५ व्होल्टवर २२० ओहममधून. समोर १० मिमी क्युव्हेट (द्रावण ठेवायची चौकोनी पारदर्शक नळी), पलीकडे बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड. कॅथोड एलएम३५८ या ऑप-अ‍ॅम्प (प्रवर्धक) चिपच्या इन्व्हर्टिंग पिनला, अ‍ॅनोड जमिनीला, फीडबॅक १ मेगाओहम. वाचन एडीएस१११५ वर (व्होल्टेजचा आकडा देणारी चिप). डबा काळ्या पीएलएमध्ये (थ्रीडी प्रिंटरचे प्लास्टिक) छापलेला, भिंत २ मिमी.

द्रावण: ४०० मिग्रॅ अ‍ॅस्पिरिन, १० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळीपर्यंत तापवून २५० मिली केले. त्यातले १, २, ३, ४, ५ मिली घेऊन ०.०२ मोलर आम्लयुक्त फेरिक क्लोराइडने प्रत्येकी ५० मिली केले. म्हणजे ०.१८ ते ०.८९ मिलिमोलर.

वाचन मिलिव्होल्टमध्ये: ब्लँक (अ‍ॅस्पिरिन नसलेले द्रावण) २०००, मग ११११, ६२९, ३६८, २२७, १५०.
अ‍ॅब्सॉर्बन्स (ब्लँक भागिले नमुना, त्याचा १० आधारी लॉग): ०.२५५, ०.५०३, ०.७३५, ०.९४६, १.१२४.

आर-वर्ग (सरळ रेषा बिंदूंवर किती नीट बसते त्याचा आकडा, १ म्हणजे तंतोतंत) ०.९९६ येतो, तरी वरचा बिंदू खाली झुकलेला डोळ्यांना दिसतो. एलईडी बंद केला की ४२ मिलिव्होल्ट उरतात, आणि दुपारी तोच आकडा ७० पर्यंत जातो. फेरिक क्लोराइड वाढवू का? पुढे याच डब्यावर गोळीचा डिझोल्युशन आलेख (वेळेनुसार किती औषध विरघळले त्याचा) काढायचा आहे.

शून्य_व्होल्ट

आधी तो आर-वर्ग बाजूला ठेवा. सरळ रेषा बसवून प्रत्येक बिंदूची चूक काढा: −०.०२१, +०.००९, +०.०२२, +०.०१५, −०.०२५. दोन्ही टोकांना उणे आणि मध्ये अधिक. चुका इतक्या शिस्तीत उभ्या राहिल्या की तो यादृच्छिक गोंधळ नसतो, ती वक्रताच. शिवाय ही रेषा शून्य संहतीला ०.०५८ दाखवते. पातळ नमुन्यात नेमके तेच अंगावर येईल.

दुसरे, तुम्ही ४२ मिलिव्होल्ट वजा केलेले दिसत नाहीत. ब्लँक आणि नमुना, दोन्हींतून वजा करूनच गुणोत्तर घ्यायचे असते. तसे केल्यावर: ०.२६३, ०.५२३, ०.७७९, १.०२५, १.२५८. बाक बराच कमी झाला, पण गेला नाही. पहिल्या बिंदूच्या पाचपट १.३१५ व्हायला हवे होते.

उरलेला बाक म्हणजे बहुधा द्रावणाला वळसा घालून डायोडपर्यंत पोचणारा उजेड. तपासायची युक्ती सोपी आहे: त्याच क्युव्हेटमध्ये ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेट भरा. १० मिमी जाडीतून ते ५२५ नॅनोमीटरचा उजेड जवळपास अजिबात सोडत नाही. एलईडी चालू असताना त्यावर जे वाचन येईल, त्यातून एलईडी-बंद वाचन वजा करा. उरेल तो चोरटा उजेड. क्युव्हेटच्या जागी काळा ठोकळा ठेवून ही चाचणी करू नका. भिंतीच्या प्लास्टिकमधून सरकत जाणारा उजेड त्यात सापडत नाही. क्युव्हेट आधी पाण्याने नीट विसळा, आम्लयुक्त क्लोराइड आणि परमँगनेट भेटले तर क्लोरीन सुटतो. नंतरचे तपकिरी डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाने जातात.

आणि ४२ मिलिव्होल्टचे मूळ एलएम३५८ मध्ये आहे. त्याचा बायस प्रवाह (इनपुट पिनमधून वाहणारा बारीक प्रवाह) साधारण २० ते ४५ नॅनोअ‍ॅम्पिअर, गुणिले १ मेगाओहम.

गडद_कप्पा

शेवटच्या परिच्छेदाशी असहमत. आकडा जुळतो, पण दिशा उलटी आहे. एलएम३५८ च्या इनपुटला पीएनपी ट्रान्झिस्टर असतात, म्हणून बायस प्रवाह पिनमधून बाहेर येतो. तो १ मेगाओहममधून आउटपुटकडे गेला की आउटपुट खाली ओढले जाते. एकाच सप्लायवर ते शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून शून्याशी चिकटून बसते. थोडक्यात, हा चिप ४२ मिलिव्होल्ट वाढवत नाही, उलट २०-४५ गिळतो. डायोडवर पडणारा खरा उजेड दिसतोय त्याहून जास्त आहे.

तो येतो बाहेरून. बीपीडब्ल्यू३४ ची संवेदनशीलता सर्वाधिक असते ९०० नॅनोमीटरजवळ, म्हणजे इन्फ्रारेडमध्ये, आणि आपल्याला काळे दिसणारे प्लास्टिक इन्फ्रारेडला काळे असेलच असे नाही. शून्य दुपारी चढते, कारण खिडकीतल्या उन्हात इन्फ्रारेड भरपूर असते. एलईडी ट्यूबमध्ये ते जवळपास नसते. टीव्हीचा रिमोट डब्याच्या भिंतीला टेकवून बटण दाबा. वाचन हलले तर भिंत गळते आहे. उपाय स्वयंपाकघरातला: बाहेरून अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे दोन वेढे, झाकणाच्या सांध्यावर काळा फोमचा पट्टा.

पण एक गंमत. फॉइल लावून डबा खरोखर अंधारा झाला की एलएम३५८ चा दोष उघडा पडेल. पहिले २०-४५ नॅनोअ‍ॅम्पिअर वाचनात येणारच नाहीत, गडद नमुने खऱ्याहून गडद दिसतील आणि आलेख उलट्या बाजूला वाकेल. म्हणून दोन्ही कामे एकाच वेळी करा. एमसीपी६००२ या ऑप-अ‍ॅम्पचे पाय एलएम३५८ सारखेच, सॉकेट असेल तर नुसता बदलायचा. बायस प्रवाह पिकोअ‍ॅम्पिअरमध्ये. सप्लाय मात्र ६ व्होल्टच्या वर नेऊ नका.

नॉन-इन्व्हर्टिंग पिन थेट जमिनीला न जोडता ४७ किलोओहम आणि १ किलोओहमच्या विभाजकाने सुमारे १०० मिलिव्होल्टवर उचला. मग अंधाराचे वाचन शून्याच्या भिंतीवर न आपटता १०० च्या आसपास दिसते आणि वजा करता येते. फीडबॅकला समांतर १० नॅनोफॅरड लावा. १६ हर्ट्झला कट होतो, ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची थरथर बरीच दबते.

ब्युरेट

रसायनाच्या बाजूने: फेरिक वाढवायची गरज नाही. ४५ मिली अभिकर्मक घातल्यावर लोह ०.०१८ मोलर पडते, सॅलिसिलेट जास्तीत जास्त ०.०००८९. वीस पट जादा आधीच आहे. बाक लोह कमी पडल्याने आलेला नाही.

मात्र पीएचकडे लक्ष द्या. हे काम १.६ च्या आसपासच करायचे. पीएच वर गेला की एका लोहाला दोन-तीन सॅलिसिलेट चिकटतात, रंग जांभळ्यातून लालसर होत जातो, आणखी वर गेलात तर तपकिरी गाळ. तुमच्या साठ्यात (२५० मिलीच्या मूळ द्रावणात) अल्कली शिल्लक आहे: १० मिलिमोल घातले, सुमारे ४.४ खर्च झाले. ५ मिलीच्या फ्लास्कमध्ये १ मिलीच्या पाचपट अल्कली जाते, म्हणजे प्रत्येक फ्लास्कचा पीएच थोडा वेगळा. १० मिली १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड २५० मिली करून ‘कोरी अल्कली’ वेगळी ठेवा, आणि प्रत्येक फ्लास्कमध्ये साठा अधिक कोरी अल्कली मिळून ५ मिलीच जाऊ द्या. २ मिली साठा तर ३ मिली कोरी. ब्लँकमध्ये पूर्ण ५ मिली कोरी.

अभिकर्मक: फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम, सुमारे ९०० मिली पाण्यात २.५ मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्यात विरघळवा, पीएच मीटरवर १.६ ला आणा, मग १ लिटर करा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातले पीसीबी कोरायचे फेरिक क्लोराइड हाताशी आहे म्हणून वापरू नका. त्याची संहती माहीत नसते, गाळ असतो, आणि एकदा वापरलेल्यात तांबे.

उकळताना फ्लास्कला लहान फनेल लावा. उडालेला प्रत्येक थेंब ही सगळ्या बिंदूंना सारखीच लागणारी चूक असते, त्यामुळे आलेखात ती कधीच दिसत नाही.

रिकामी_परीक्षानळी

परमँगनेटची चाचणी सकाळी केली. एलईडी बंद ४२, चालू ६०. रिमोटवर वाचन स्पष्ट हलते. म्हणजे १८ मिलिव्होल्ट चोरटा?

शून्य_व्होल्ट

बायसच्या दिशेची दुरुस्ती मान्य, तिथे माझे चुकले.

होय, १८. आता सगळ्यातून ६० वजा करा, ब्लँक १९४० धरा: ०.२६६, ०.५३३, ०.७९९, १.०६५, १.३३४. पट्टी ठेवून ओढल्यासारखे. उतार सुमारे १५०० लिटर प्रति मोल प्रति सेंटिमीटर.

तरी ६० वजा करत राहणे हा उपाय नव्हे. चोरटा उजेड क्युव्हेटगणिक बदलतो. त्याची वाट बंद करा:

– क्युव्हेटच्या दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाचे पडदे, मध्ये ३ मिमी भोक, तळापासून १५ मिमी उंचीवर. ५ मिमी एलईडीचा झोत पसरट असतो, तो भिंतीवर पडतो आणि तिथून वळसा घेतो.
– क्युव्हेटमध्ये ३ मिली द्रावण. पातळी कमी असेल तर झोत मेनिस्कसला (द्रावणाच्या वरच्या वक्र पृष्ठभागाला) लागतो आणि वाचन दर वेळी वेगळे.
– खरखरीत बाजू बोटांसाठी, गुळगुळीत बाजू झोतासाठी. एका कोपऱ्यावर खूण करून नेहमी त्याच दिशेने ठेवा.
– पीएलएची आतली चकाकी मॅट काळ्या रंगाने मारा.

नंतर परमँगनेटवर पुन्हा पाहा. २ मिलिव्होल्टच्या आत आले की पुरे.

एलईडीचेही बघा. तापला की हिरव्याची तीव्रता उतरते, म्हणून सुरू केल्यावर १५ मिनिटे थांबा. प्रवाह स्थिर हवा असेल तर एलएम३१७ (रेग्युलेटर चिप) आणि १२० ओहम, १०.४ मिलिअ‍ॅम्पिअर मिळतात. ही जोडी ५ व्होल्टवर चालत नाही: १.२५ रोधकावर, सुमारे २ चिपमध्ये आणि ३ एलईडीवर जातात. वेगळा ९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर द्या, जमीन एकच ठेवा. आणि क्रम असा: अंधार, ब्लँक, अंधार, नमुना. सकाळी घेतलेला ब्लँक दुपारी चालत नाही.

एलईडीचा पट्टा ३०-३५ नॅनोमीटर रुंद असतो हा आक्षेप कुणीतरी घेईलच. इथे फारसा फरक पडत नाही, जांभळ्या संकुलाचा शोषणपट्टा त्याहून कितीतरी रुंद आहे.

औषधी_खल

डिझोल्युशनबद्दल आता बोललेले बरे, कारण तिथे ही पद्धत अवचित फसते.

७५ मिग्रॅची गोळी आंत्रावरणाची (जठरात न विरघळता आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची) असेल तर नेहमीचा क्रम २ तास ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, मग पीएच ६.८ चा फॉस्फेट बफर, ३७ अंशांवर. फॉस्फेट फेरिक लोहाला धरतो आणि त्या संकुलाला रंग नसतो. ०.०५ मोलर बफरचे ५ मिली १० मिलीत घातले तर फॉस्फेट ०.०२५ मोलर, लोह (खालच्या कृतीप्रमाणे) सुमारे ०.०२. जांभळा फिका पडतो, वर द्रावण गढूळ होऊ शकते. आलेख मग सांगतो की गोळी विरघळलीच नाही. आवरणाच्या गोळीची बफर पायरी या डब्यावर करू नका. तिला यूव्ही उपकरण लागते, आणि २६५ नॅनोमीटरचा एलईडी आणूनही भागत नाही: साधी प्लास्टिक क्युव्हेट तो उजेड सोडत नाही आणि बीपीडब्ल्यू३४ ला तो दिसत नाही.

बिनआवरणाची गोळी घ्या, माध्यम ०.०५ मोलर अ‍ॅसिटेट बफर, पीएच ४.५. ७५ मिग्रॅ ९०० मिलीत पूर्ण विरघळली तर ०.४६ मिलिमोलर. त्याला तुमच्या स्टँडर्डसारखे (ज्ञात संहतीच्या द्रावणांसारखे) दहापट पातळ केले तर अ‍ॅब्सॉर्बन्स ०.०७, म्हणजे काहीच नाही. म्हणून असे करा:

गाळलेला नमुना ५ मिली (०.४५ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर, पहिले २ मिली टाकून द्या), १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ०.५ मिली, झाकून उकळत्या पाण्यात १० मिनिटे. थंड झाल्यावर १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ०.६ मिली. ०.१ मिली जादा कारण अ‍ॅसिटेटही आम्ल खातो. शेवटी तिखट अभिकर्मक ३.९ मिली: ०.०५ मोलर फेरिक क्लोराइड (१३.५ ग्रॅम हेक्साहायड्रेट प्रति लिटर), ०.०८ मोलर आम्लात. एकूण १० मिली, अ‍ॅब्सॉर्बन्स सुमारे ०.३५. स्टँडर्डही याच बफरमध्ये आणि याच पायऱ्यांनी करा, पाण्यातला जुना आलेख इथे लावू नका.

गोळीतला स्टार्च फिल्टरमधून निसटला तर गढूळपणा रंग म्हणून मोजला जातो. प्रत्येक वेळेच्या नमुन्याची लोह न घातलेली एक नळी ठेवा: लोहाऐवजी ०.०८ मोलर नुसते आम्ल. तिचे वाचन वजा करा.

पूर्ण तोडून मोजल्याचा फायदा असा, की माध्यमात असतानाच थोडे अ‍ॅस्पिरिन आपोआप तुटते, तेही बेरजेत येते. अल्कली न घालता त्याच नमुन्याचा रंग पाहिला तर फक्त मोकळे सॅलिसिलेट कळते. व्हिनेगरचा वास मारणाऱ्या जुन्या गोळीत हा आकडा बघण्यासारखा असतो. तो लगेच मोजा, आम्लातही अ‍ॅस्पिरिन हळूहळू तुटतच राहते आणि रंग चढत जातो.

रिकामी_परीक्षानळी

दर वेळी नमुना काढल्यावर माध्यम कमी होते, त्याचे काय? मी १० मिली काढणार आहे, फिल्टरचे धरून.

औषधी_खल

काढाल तेवढेच ३७ अंशांवरचे ताजे बफर परत घाला, म्हणजे ९०० मिली कायम. मग त्या वेळची संहती गुणिले ९००, अधिक आधीच्या सगळ्या नमुन्यांच्या संहतींची बेरीज गुणिले १०. सहावा नमुना असेल तर आधीच्या पाचांची. ही बेरीज विसरलात तर शेवटी ९४-९५ टक्क्यांवर आलेख सपाट होतो आणि गोळीत औषध कमी भरले आहे असे वाटते.