खारबांधाबाहेर कांदळवन वाढवायचंय : जात, अंतर, वेळ?

खारेपाट : पेण बाजूच्या खाडीला आमचा बाहेरकाठा (खाडीकडचा बाहेरचा खारबांध) आहे. उधाणाच्या लाटा थेट लागतात, दर पावसाळ्यात बांधाला खांडी (भगदाडं) पडतात. बांधापुढे साधारण ४० मीटर चिखल आहे, त्यावर झाडं विरळ. गावकीने कांदळवन लावायचं ठरवलंय. कोणती रोपं, किती अंतरावर, केव्हा?

चिपी : आधी पातळी बघा. सरासरी समुद्रपातळीच्या खाली रोप फार वेळ बुडून राहतं, खोडाला बार्नॅकल (कवचवाले बारीक समुद्री जीव) चिकटतात आणि त्या वजनाने ते आडवं होतं. आपोआप उगवलेली तिवरं (कांदळवनातली एक जात) खाडीकडे जिथवर उतरलीत, ती तुमची हद्द. त्यापुढे एक रुपया घालू नका.

उघड्या चिखलावर पहिली तिवरच. पावसाळ्यात फळं पिकतात. पाण्यात भिजवून साल सुटली की खाडीच्याच गाळाने भरलेल्या पिशवीत अर्धवट दाबा, खोल पुरलं तर कुजतं. दुसरी जात कांदळ, त्याच्या शेंगेला (झाडावरच रुजलेल्या लांब कोंबाला) पिशवी लागत नाही. फळाखालची कडी पिवळसर झाली आणि हलक्या हाताने सुटली तरच घ्या. टोक खाली करून एक तृतीयांशापर्यंत चिखलात खोचा. अंतर दीड ते दोन मीटर. लागवड भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा करा. उधाणात केलीत तर मुळं धरण्याआधीच वाहून जाईल.

खारेपाट : कुंपण लागेल का?

ओहोटी : म्हशी येत असतील तर हो, तिवराचा पाला त्या आवडीने खातात. पण माझा प्रश्न वेगळा आहे. जवळ बीज देणारी झाडं असूनही पट्टा विरळ का? कुठे भरतीचं पाणी साचून, आटून खारटपणा वाढतो, कुठे लाटा चिखलच नेतात. पाणी साचत असेल तर तमिळनाडूतल्या पिचावरमच्या कांदळवनासारखे माशाच्या काट्याच्या आकाराचे चर काढून भरती-ओहोटी खेळती करावी लागते. मग बी आपसूक रुजतं. चर काय, लागवड काय, वनखात्याच्या कांदळवन कक्षाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

४० मीटरच्या पट्ट्याने रोजचा लाटांचा मारा कमी होईल, वादळ थांबणार नाही. बांधाचं पिचिंग (दगडांचं अस्तर) चालूच ठेवा.

चिपी : उघाडीसमोरची (बांधातल्या पाणी सोडायच्या दारासमोरची) वाट मोकळी सोडा. झाडं गाळ धरतात, मुख बुजलं की पावसात भातशेतीचं पाणी बाहेर पडत नाही. आणि २०१८च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथे वाढलेलं तिवर परवानगीशिवाय तोडता येणार नाही.