वॉर्ड भरलाय म्हणून पेशंट कॅज्युअल्टीतच ठेवायचा?

रानजाई:
मागच्या महिन्यात आत्याला न्यूमोनियासाठी एका मोठ्या खाजगी रुग्णालयात नेलं. दुपारी तीनला ॲडमिशनचे कागद झाले, वॉर्डात खाट मिळाली दुसऱ्या दिवशी अकराला. मधले वीस तास ७८ वर्षांची बाई अरुंद ट्रॉलीवर, डोळ्यांवर ट्यूबलाइट. रात्रीची बीपीची गोळी राहूनच गेली. कॅज्युअल्टीच्या, म्हणजे इमर्जन्सी विभागाच्या, लेखी ती वॉर्डची झाली होती आणि वॉर्डच्या लेखी ती अजून यायची होती.

हे फक्त गैरसोयीचं नाही, जिवावरचं आहे. फ्रान्समधल्या ९७ इमर्जन्सी विभागांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्या पेशंटना खाटेअभावी रात्र तिथेच काढावी लागली, त्यांच्यातले १५.७ टक्के रुग्णालयातच दगावले. वेळेत वॉर्डात पोचलेल्यांत हे प्रमाण ११.१ टक्के होतं.

न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक रुग्णालयात डॉ. पीटर व्हिचेलिओ यांनी यावर एक उपाय रुजवला. कॅज्युअल्टी तुंबली की ॲडमिट झालेले स्थिर पेशंट वेगवेगळ्या वॉर्डांच्या पॅसेजमध्ये एकेक-दोनदोन वाटून द्यायचे. एका खोलीत वीस ट्रॉल्या साठवण्यापेक्षा हे बरं. आपल्याकडेही हा नियम हवा, असं माझं ठाम मत आहे.

रात्रपाळी:
ताई, आत्याबाईंचं वाचून वाईट वाटलं, पण मी पूर्ण विरोधात आहे. सव्वीस वर्षं वॉर्डात सिस्टर आहे. रात्री आम्ही दोघी आणि चाळीस पेशंट. पॅसेजमध्ये ऑक्सिजनचा पॉइंट नाही, घशातला कफ ओढायचं सक्शन नाही, बोलवायला बेल नाही. पडदा नसताना बेडपॅन कसा द्यायचा? पहाटे तिथे कुणी दगावलं तर मेमो मला मिळणार.

निवासी_मेडिसिन:
सरकारीत हा 'नियम' कधीचाच आहे. दोन खाटांच्या मध्ये गादी टाकतो, तीही भरली की व्हरांडा. त्यानं कॅज्युअल्टी मोकळी होते हे खरं, पण गादीवरच्या माणसाला वाकून सलाइन लावणारे हात तेवढेच राहतात.

माझ्या मते खरी गोची आधीच झालेली असते. तालुक्याला जमण्यासारखी केस फोनही न करता रेफर होते आणि नातेवाईक दारोदार फिरतात. ट्रेनमधून पडलेल्या हकीम शेख यांना बंगालमध्ये एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये त्यांना २५ हजारांची भरपाई दिली आणि कुठे खाट रिकामी आहे हे कळणारी मध्यवर्ती यंत्रणा उभारा असंही सांगितलं. २०२० मध्ये कोविडच्या वेळी मुंबईच्या २४ पालिका वॉर्डांत खाटा ठरवून देणाऱ्या वॉर रूम झाल्या, तेव्हा ते करून दाखवलं की आपण! मग हार्ट अटॅक, पॅरालिसिससाठी का नको?

कोकणकडा:
खाटा कमी आहेत हेच मला पुरतं पटत नाही. खाजगीत तरी त्या अडकलेल्या असतात. दहाच्या राउंडला डॉक्टर "घरी जा" म्हणतात, पण बिल आणि टीपीएची (विमा कंपनीसाठी दावे तपासणाऱ्या संस्थेची) मंजुरी यात संध्याकाळचे सहा वाजतात. माणूस कपडे बदलून त्याच खाटेवर बसून! विमा नियामकानं २०२४ मध्ये तीन तासांत मंजुरी द्या असं बजावलंय. पेशंटला बसायला वेगळी खोली द्या, खाट दुपारीच मोकळी होईल.

रात्रपाळी:
दादा, खोलीला हरकत नाही, घाईला आहे. घाईनं सोडलेला म्हातारा माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा कॅज्युअल्टीतच येतो. हे मी पाहिलंय.

रानजाई:
सिस्टर, ऑक्सिजनवरचा पेशंट पॅसेजमध्ये नकोच, म्हणजे माझी आत्याही त्यात बसली नसती, हे मान्य करते. पण मग एवढं तरी व्हावं: कागद झाल्या क्षणापासून त्या पेशंटची जबाबदारी एका ठरावीक सिस्टरवर आणि एका डॉक्टरवर नावानिशी लिहिलेली असावी. घरच्या गोळ्या चार्टवर चढाव्यात, दर दोन तासांनी कूस बदलावी, जेवण मिळावं. आत्याच्या पाठीला सकाळी लाल चट्टा होता.

रात्रपाळी:
हे सगळं मान्य. फक्त ती सिस्टर जादा नेमलेली हवी, आमच्या दोघींतली एक काढून तिकडे पाठवलेली नको. पॅसेजला विरोध कायम.