चिपर तुकडे फेकत नसेल तर लगेच पाती काढू नका, आधी वेग मोजा

खटपट्या:
चिपरमधून, म्हणजे फांद्यांचे तुकडे करणाऱ्या मशीनमधून, लाकडाचे तुकडे नीट बाहेर पडत नाहीत, तोंडाशीच लोळतात, चूट (तुकडे बाहेर फेकणारी नळी) घडोघडी तुंबते, अशी तक्रार कुणी केली की ठरलेलं उत्तर येतं: "धार गेली असेल, पाती लावून आणा." माणूस पाती काढतो, धार लावून आणतो, बसवतो, आणि चूट पुन्हा तुंबते. माझं मत असं की पाती हा या तक्रारीतला पहिला नव्हे, तिसरा संशयित आहे.

पात्याचं काम कापायचं. तुकडा बाहेर भिरकवायचं काम, पाती जिच्यावर बसवलेली असतात त्या फिरत्या तबकडीच्या कडेला बसवलेल्या पंख्यांचं आणि ते ओढत असलेल्या हवेचं. हे दोन्ही वेगावर चालतात. ६० सेंमी व्यासाची तबकडी १००० आरपीएमने (मिनिटाला १००० फेरे) फिरत असेल तर तिची कड सेकंदाला साधारण ३१ मीटर वेगाने धावते. ८०० आरपीएमला तीच २५ वर येते. आकडा फार पडला असं वाटत नाही, पण तुकड्याला मिळणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग २० टक्के उतरला की फेक ३६ टक्क्यांनी मेली. पंख्याच्या हवेचा दाबही तेवढाच पडतो. आणि कानाला हे कळत नाही, कारण पट्टा घसरत असताना इंजिन मजेत गातच असतं.

म्हणून तबकडीच्या पुलीवर चकाकती पट्टी चिकटवा आणि लांबून फेरे मोजणारं यंत्र, टॅकोमीटर, धरा. इंजिनच्या शाफ्टवर नव्हे, तबकडीच्या पुलीवर. एकदा मोकळं चालताना मोजा, एकदा फांदी आत जात असताना. फांदी घालताना इंजिनचा वेग टिकतो आणि तबकडीचा पडतो, तर पट्टा किंवा क्लच घसरतोय. दोन्ही पडत असतील तर एअर फिल्टर, इंधन, गव्हर्नर (इंजिनचा वेग सांभाळणारा भाग) बघा. त्यानंतर हवेची वाट: तबकडीच्या घरावर (भोवतीच्या पत्र्याच्या आवरणावर) शाफ्टजवळ हवा आत घ्यायची भोकं असतात, ती पाल्याने लिंपलेली असतात. पंख्याला हवा आतच मिळाली नाही तर तो बाहेर काय ढकलणार?

पाती त्यानंतर.

नटबोल्ट:
गणित छान, पण घोडा गाडीच्या मागे बांधलात. फांदी घातल्यावर वेग का पडतो? बोथट पातं लाकूड कापत नाही, चेचतं. चेचायला जास्त ताकद लागते, तबकडी ओढली जाते, पट्टा घसरतो. तुमचा टॅकोमीटर लक्षण दाखवेल, रोग नाही. पट्टा नवा टाकाल, तोही दोन-चार दिवसांत चकचकीत होऊन घसरायला लागेल.

दुसरं म्हणजे बोथट पात्याने सालीचे लांब दोरे निघतात. ते चुटीच्या वळणावर अडकतात आणि त्यांच्यामागे सगळा माल साचतो. असा दोरा पूर्ण वेगातल्या मशीनमधूनही धड सुटत नाही. टॅकोमीटर शोधत बसण्यापेक्षा ढिगातला मूठभर माल हातात घेऊन बघा. कडा स्वच्छ कापलेल्या असतील तर धार आहे. पिंजलेल्या, दोरेदार असतील किंवा नुसता भुसा असेल तर धार गेली. फुकटची तपासणी आहे.

खटपट्या:
दोऱ्यांचं मान्य. भुशाचं नाही. फेक कमी पडली की तुकडे बाहेर न जाता तबकडीबरोबर पुन्हा फिरतात, पुन्हा कापले जातात, घरावर घासतात. शेवटी जे बाहेर येतं तो भुसाच असतो, पाती कितीही तीक्ष्ण असोत. म्हणजे तुमची ती फुकटची तपासणी वेग कमी असलेल्या मशीनवरही "धार गेली" असंच सांगणार. माणूस धार लावत सुटतो तो याच कारणाने.

रानवारा:
तुम्ही दोघं मशीनवर भांडताय, मी फांद्यांबद्दल बोलते. सुकी काडी घातली की फटाफट उडते, ओला पाला घातला की चूट बंद, हे किती जणांनी बघितलंय? मग धार आणि वेग दोन्ही त्याच क्षणी बिघडले का? ओल्या पाल्याचा लगदा चुटीच्या आतल्या भिंतीला चिकटतो, त्यावर पुढचा थर. झावळ्या, बांबूची पानं, वेली हे तर सगळ्यात वाईट, त्यांचे धागे पंख्यांना गुंडाळतात.

उपाय साधा आहे. पाला एकगठ्ठा घालायचा नाही. एक पानांची फांदी, मग एक जाड सुकं लाकूड. लाकडाचे जड तुकडे चुटीतला लगदा खरवडून बाहेर नेतात. हॉपर (फांद्या घालायचं तोंड) काठोकाठ कोंबलं तर तिथूनही हवा जात नाही, हेही लक्षात ठेवा. आणि काम झालं की लगेच इंजिन बंद करू नका, पूर्ण वेगात मिनिटभर रिकामं फिरू द्या. आत राहिलेला ओला माल रातोरात गंज धरवतो, आणि गंजलेल्या खरखरीत पत्र्यावर दुसऱ्या दिवशीचा माल आणखी चिकटतो. निम्म्या तक्रारी आदल्या संध्याकाळच्या असतात.

गिरमिट:
पूर्ण वेग, पूर्ण वेग काय लावलंय? मी बारीक फांद्या अर्ध्या थ्रॉटलवर घालतो. आवाज कमी, इंधन कमी. कापतं व्यवस्थित.

खटपट्या:
कापतं, फेकतं का?

गिरमिट:
जवळ पडतं. मला ढीग जवळच हवा असतो.

नटबोल्ट:
ढीग जवळ हवा असेल तर चुटीच्या टोकाची झडप खाली वळवा राव, वेग कशाला मारता! मात्र झडप फार खाली वळवली की माल तिच्यावर आपटून परत चुटीतच येतो. "माझी चूट सारखी तुंबते" म्हणणाऱ्यांनी पाना उचलायच्या आधी ती झडप थोडी वर करून बघावी.

वर्कशॉपवाली:
माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीन बघून सांगते. खटपट्यादादा, "पाती तिसरी" हे मला पटत नाही. आणि नटबोल्ट, "धार लावली की झालं" हे तर अजिबात नाही. तुम्ही दोघांनी मधली गोष्ट सोडली: पातं आणि खालचं स्थिर पातं यांच्यातली फट.

प्रत्येक वेळी धार लावताना पातं थोडं अरुंद होतं. कड मागे सरकते, फट वाढते. बऱ्याच लहान डिस्क चिपरमध्ये ही फट एक-दीड मिलिमीटरच्या आसपास ठेवायची असते, नेमका आकडा त्या मशीनच्या मॅन्युअलमधला घ्यायचा. ती दुप्पट झाली की वस्तऱ्यासारखं पातंसुद्धा साल कापत नाही, फटीत दुमडून ओढतं. म्हणजे ज्याने जास्त वेळा धार लावली, त्याचीच चूट जास्त दोऱ्यांनी तुंबते! स्थिर पातं पुढे सरकवता येत असेल तर सरकवायचं, नाहीतर पाती बदलायची. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) प्रत्येक पात्याखाली मोजायचं, एकाच नाही, कारण पाती सारखी घासली गेलेली नसतात. आणि तबकडी हाताने पूर्ण फेरा फिरवल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही.

आणखी एक जागा कुणी बोललंच नाही. पंख्यांची टोकं झिजतात. टोक आणि घराचा पत्रा यांच्यातलं अंतर वाढलं की तुकडे त्यातून निसटून आतच गरगरतात. अशी मशीन वेगात बरोबर, धारेत बरोबर, तरी फेकत नाही. हे झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही, म्हणून "काढू नका, उघडू नका" हा सल्ला मी कुणाला देणार नाही.

उघडताना मात्र: इंजिन बंद केल्यावर तबकडी बराच वेळ फिरत राहते. ती थांबलेली डोळ्यांनी बघा, स्पार्क प्लगची वायर काढा, ट्रॅक्टरवर चालणारी असेल तर पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा शाफ्ट) सोडवून किल्ली खिशात घ्या, तबकडीला कुलूपखीळ असेल तर ती घाला. तुंबलेल्या चुटीत चालू मशीनवर काठी खुपसणारे भेटतात. काठी आत खेचली जाते तेव्हा हात सोडायला वेळ मिळत नाही.

रानवारा:
ताई, चुटीला आतून तेल लावायचा सल्ला बरेच जण देतात. लावावं का?

वर्कशॉपवाली:
नको. तेलावर बारीक भुसा बसतो आणि त्याचा मलम होतो. डिंक साचला असेल तर खरवडून काढा, गंज घासून पत्रा गुळगुळीत करा. तेवढं पुरतं.

खटपट्या:
फटीचा मुद्दा वजनदार आहे. पण क्रम मी बदलणार नाही. वेग मोजायला काही मिनिटं लागतात, बोल्ट काढावा लागत नाही. फट मोजायची तर झाकण काढायचं, पाती काढली तर बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच (पिळाच्या जोरानेच) परत आवळायचे, धार लावली तर समोरासमोरच्या पात्यांचं वजन सारखं राहिलंय का बघायचं, नाहीतर तबकडी हादरते आणि बेअरिंग जातं. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर.

नटबोल्ट:
मग त्याहून स्वस्त सांगतो. मनगटाएवढी, बिनपानांची, सुकी फांदी घ्या आणि एकटीच घाला. तुकडे नेहमीच्या अंतरावर गेले तर पट्टा, धार, फट सगळं ठीक, दोष रानवाराबाईंच्या पाल्याचा. जवळ पडले पण स्वच्छ कापलेले असतील तर तुमचा टॅकोमीटर आणि ताईंचे पंखे. दोरे निघाले तर माझी पाती.

खटपट्या:
आणि जवळही पडले, भुसाही निघाला तर?

नटबोल्ट:
तर पाती काढा!

खटपट्या:
तर वेग मोजा. सुक्या फांदीचा भुसा आतल्या आत फिरूनही होतो, वर लिहिलंय.

वर्कशॉपवाली:
तर झाकण उघडा. घराच्या पत्र्यावर आतून गोल घासल्याच्या खुणा ताज्या, चकचकीत असतील तर माल आत फिरतोय, खटपट्या बरोबर. खुणा नसतील आणि पात्याच्या कडेवर नख न खरवडता घसरत असेल तर नटबोल्ट बरोबर. उजेडात पातं धरलं आणि कड पांढरी रेघ होऊन चमकली तरी तेच.

गिरमिट:
माझ्या मशीनमध्ये खुणाही आहेत आणि रेघही आहे.

नटबोल्ट:
अर्धा थ्रॉटल!