चीज तासभर आधी बाहेर काढायचं?

वाइनसोबत चीजची ताटली मांडायची तर चीज तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, असा सल्ला देतात. ते पुण्याच्या हिवाळ्यात ठीक आहे. आमच्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. गेल्या उन्हाळ्यात तासाभरात ब्री हे मऊ चीज ताटलीभर पसरलं अन् घट्ट चेडर चीजला तेल सुटलं. आता मी पंधरा-वीस मिनिटंच आधी काढतो. रेड वाइनचंही तेच. तिचं 'रूम टेम्परेचर' म्हणजे १६-१८ अंश, आपली खोली नव्हे. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच.

आणि फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराचा (पावसाळ्यात फुललेल्या झाडांचा) संत्रा मिळतो, तेव्हा द्राक्षांऐवजी तो ठेवून बघा. फोड सोलून गौडा चीजच्या पातळ कापासोबत खायची, सोबत नाशिकची थंडगार शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन. फार सुरेख जमतं! निळ्या बुरशीच्या ब्लू चीजला मात्र गोड लेट हार्वेस्टच (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची वाइन) हवी, कोरडी रेड त्यावर कडवट लागते.