फंक्शनल फिटनेस: टेनिसवाल्या पोरांना खरंच लागतं का?

दादरची_आई: मुलगी १२ वर्षांची, शाळा सुटली की टेनिस. आता कोच म्हणतायत आठवड्यातून तीन संध्याकाळी फंक्शनल ट्रेनिंग (म्हणे खेळात लागतात तशा हालचालींचा व्यायाम) लावा, फी वेगळी. कोर्टवर एवढं पळतात त्यात व्यायाम होत नाही का? मला तर पैसे काढायचे धंदे वाटतायत.

बेसलाइन_काका: ताई बरोबर बोललात. आम्ही भिंतीवर बॉल मारायचो, दोरीच्या उड्या मारायचो, संपला विषय. मुंबईत आधी कोर्ट मिळायचीच मारामार, मिळालेल्या तासात सर्व्ह-रिटर्न शिकू द्या की. प्लँक करून बॅकहँड सुधारलेला मी तरी बघितला नाही.

फिजिओ_मुलुंड: काका, बॅकहँड नाही सुधारत, पण खांदा वाचतो ना. सर्व्हचा जोर पायातून निघतो, मग कंबर, धड, खांदा आणि शेवटी मनगट, म्हणजे पाय आणि कोअर (पोट-कंबरेचे स्नायू) कच्चं असेल तर सगळा भार खांद्यावर नि पाठीच्या खालच्या भागावर येतो. त्यात हा एका हाताचा खेळ, बॉल मारणारे पुढचे स्नायू दणकट होतात आणि हाताला ब्रेक लावणारे मागचे तसेच राहतात. म्हणून रबर बँड, एका पायावर तोल, मेडिसिन बॉल म्हणजे तो जड चेंडू दोन्ही बाजूंनी फेकणं. जिम मारून डोले काढायचे नाहीयेत.

बेसलाइन_काका: आणि या वयात उंची वाढताना गुडघे दुखतात त्याचं काय? त्यात अजून तीन सेशन? शाळा, क्लास, ट्रेनची गर्दी, पोरगी झोपणार कधी?

फिजिओ_मुलुंड: वरून लादायचंच नाही, कोर्टचे तास कापून त्या जागी लावायचं. ढोबळ हिशोब असा की आठवड्याचे खेळाचे तास वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नकोत, १२ वर्षांची तर १२ तास, त्यात सगळं आलं.

पार्कवाला: एवढी फी कशाला, शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबाला घाला. पकड, खांदे, पोट सगळं तयार. फेडररपण लहानपणी फुटबॉल खेळायचाच की 😀

फिजिओ_मुलुंड: मल्लखांब मस्तच, पण त्यात आडवं पळून झटकन थांबणं, वळणं नाही. त्याला खो-खो जास्त जवळचा.

बेसलाइन_काका: खो-खोला माझं पूर्ण मत! माझा राग त्या जमिनीवर अंथरलेल्या शिडीवर आहे. पाय कुठे टाकायचा ते आधीच ठरलेलं, रील छान दिसते. कोर्टवर पाय बॉल बघून हलतात.

फिजिओ_मुलुंड: शिडीबद्दल भांडणार नाही 🙏 समोरून कोणीतरी बॉल टाकून दिशा बदलायला लावली तरच उपयोग.

दादरची_आई: मग एक दिवस कोर्ट सोडून ट्रायल घेते, कोच तयार झाले तर. एका बॅचला वीसेक मुलं आणि एकच ट्रेनर आहे म्हणे, चालेल?

बेसलाइन_काका: अजिबात नको. विसाव्या पोराचा गुडघा स्क्वॉटमध्ये आत वळतोय ते बघणार कोण?